माज म्हणजे भीती नव्हे

गोरेगावातली एखादी लेक माहेरी येते, ओट्याला टेकून उभी राहते आणि नवऱ्याबद्दल बोलू लागते. तो चारचौघांत तिचा पाणउतारा करतो. तिच्या नोकरीला ‘टाइमपास’ म्हणतो. घरातले प्रत्येक यश त्याचे आणि प्रत्येक चूक तिची. आई तव्यावरची पोळी उलटत म्हणते, “अगं, मनाने वाईट नाहीत ते. स्वभाव असतो एकेकाचा. सांभाळून घे.” दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चगेट लोकलच्या लेडीज डब्यात तीच हकिगत ती मैत्रिणीला सांगते. मैत्रीण शिकलेली, मानसशास्त्रावरचे व्हिडिओ पाहणारी. ती म्हणते, “तो नार्सिसिस्ट आहे गं. म्हणजे आतून प्रचंड इनसिक्युअर. त्याला समजून घ्यायला हवं.”

एका पिढीत शब्द बदलले, सल्ला तोच राहिला.

आईच्या सल्ल्यावर गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ टीका झाली आणि ती योग्यच होती. मैत्रिणीच्या सल्ल्यावर मात्र कोणी बोट ठेवत नाही, कारण त्याला शास्त्राचे पाठबळ आहे असे सगळे गृहीत धरतात. ते पाठबळ वाटते त्याहून फार कच्चे आहे. आणि ज्या बाईला हा सल्ला मिळतो, तिचे त्यातून होणारे नुकसान मात्र खरे आहे.

मैत्रिणीचे म्हणणे आधी नीट मांडायला हवे. स्वतःची फुशारकी मारणारा, दुसऱ्याला तुच्छ लेखणारा, कौतुकाला हपापलेला माणूस प्रत्यक्षात स्वतःला कमी समजतो. त्याचा तोरा हा मुखवटा आणि त्यामागे एक घाबरलेले, दुखावलेले मूल लपलेले असते. मराठी मनात हे पटकन रुजले, कारण जमीन तयारच होती. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण घराघरांत आहे. त्यात व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड अॅडलर यांच्या विचारांची भर पडली. 1911मध्ये फ्रॉइडपासून वेगळे झालेल्या अॅडलर यांनी न्यूनगंडाची कल्पना मांडली आणि श्रेष्ठत्वाचा आव हा त्या न्यूनगंडावरचाच उतारा असतो असे सांगितले. मराठीने त्यासाठी न्यूनगंड आणि अहंगंड अशी जोडी घडवली. दोन शब्द इतके सख्ख्या भावांसारखे ऐकू येतात की एकाच्या पोटात दुसरा असणारच असे वाटू लागते.

गोरेगावचा या समजुतीशी आणखी एक संबंध आहे. पूर्वेला, आरे वसाहतीला लागून, राज्य सरकारने 1977मध्ये चित्रनगरी उभारली. आज ती दादासाहेब फाळके यांच्या नावाने ओळखली जाते. मराठी-हिंदी मालिकांचे वाडे, बंगले आणि देव्हारे तिथल्या सेटवर उभे राहतात. मालिका लांबली की खलनायकाला भूतकाळ द्यावा लागतो. त्याला बापाने मारलेले असते, सावत्र आईने छळलेले असते, वर्गात सगळे हसलेले असतात. कथेच्या दृष्टीने हे सोयीचे आहे, खलपुरुषालाही प्रेक्षकाची माया मिळते. पण रोज रात्री घराघरांत पाहिलेली ही मांडणी हळूहळू माणसे ओळखण्याची पद्धत बनते. मग माज दिसला की आपण लगेच त्याचा फ्लॅशबॅक शोधू लागतो.

मुखवट्याची कल्पना शास्त्रात आली तीही एका विशिष्ट खोलीतून. फ्रॉइड यांनी आत्मप्रेमावरचा निबंध 1914मध्ये लिहिला. त्यानंतर शिकागोचे हाइन्झ कोहुट यांनी 1971मध्ये आणि ओटो केर्नबर्ग यांनी 1975मध्ये या स्वभावावर मोठे ग्रंथ लिहिले. दोघांची मते बरीच वेगळी होती, पण भव्यतेच्या खाली जखम किंवा पोकळी असते हे दोघांनीही आपापल्या परीने मांडले. दोघेही मनोविश्लेषक. त्यांनी पाहिलेली माणसे त्यांच्या दवाखान्यात आलेली होती. दवाखान्यात कोण येतो? ज्याचे लग्न मोडले, ज्याची नोकरी गेली, ज्याला रात्री झोप लागत नाही, तो. अशा माणसाच्या माजाखाली वेदना सापडली तर नवल नाही, वेदना होती म्हणून तर तो आला. ज्याचे घर त्याच्या धाकाखाली सुरळीत चालले आहे, ज्याला रात्री गाढ झोप लागते, तो डॉक्टरांकडे कशाला जाईल?

त्याच्याऐवजी दुसरे कोणीतरी कुठेतरी जाते. समाजवादी चळवळीतल्या मृणाल गोरे यांच्या पुढाकाराने गोरेगावात 1980च्या दशकात ‘स्वाधार’ हे स्त्रियांसाठीचे मदतकेंद्र सुरू झाले. त्याच काळात, 1984मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. अशा केंद्रांच्या बाकावर येऊन बसते ती बायको. कोहुट आणि केर्नबर्ग यांच्या खोलीत एक अर्धे चित्र दिसले, या बाकावर दुसरे अर्धे दिसते. सिद्धान्त मात्र पहिल्याच अर्ध्यावर उभा राहिला.

दवाखान्याबाहेर, सर्वसामान्य लोकांमध्ये हे तपासता येते का? येते, आणि ते तपासले गेले आहे. 1979मध्ये रॉबर्ट रॅस्किन आणि कॅल्व्हिन हॉल यांनी आत्मप्रौढी, म्हणजेच नार्सिसिझम, मोजणारी प्रश्नावली तयार केली. 1988मध्ये तिचे 40 जोड-विधानांचे रूप रूढ झाले. तिच्यात जास्त गुण मिळवणारे लोक स्वतःबद्दल चांगलेच बोलतात. त्यावर मुखवटावाद्यांचे म्हणणे असे, की तोंडाने ते बोलणारच, आत पाहा. आत पाहण्यासाठी संशोधकांनी संगणकावरची एक चाचणी वापरली. पडद्यावर झपाझप शब्द येतात, ‘मी’ आणि ‘मी नव्हे’, ‘चांगले’ आणि ‘वाईट’ अशा गटांत ते बटण दाबून टाकायचे, आणि ‘मी’बरोबर ‘चांगले’ जोडताना हात किती अडखळतो हे हजारांश सेकंदांत मोजायचे. तोंडाने खोटे बोलता येते, बोटांना ते कठीण जाते.

2003मध्ये एका अभ्यासात मुखवट्याच्या बाजूने पुरावा सापडला. वर भरपूर आत्मसन्मान आणि आत कमी, अशा लोकांत आत्मप्रौढी जास्त दिसली. या निष्कर्षाचा खूप गाजावाजा झाला. मग इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला आणि तो पुन्हापुन्हा हुकला. 2008मध्ये जेनिफर बॉसन आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा मुखवट्याच्या कल्पनेला सुसंगत आधार मिळाला नाही. त्याआधी 2007मध्ये कीथ कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी ‘चांगले’ या शब्दाचेच दोन भाग केले होते. एका बाजूला दबदबा, धडाडी, वर्चस्व. दुसऱ्या बाजूला माया, आपुलकी, सहकार्य. आत्मप्रौढ माणसांची बोटे पहिल्या गटाशी ‘मी’ जोडताना अडखळली नाहीत. उलट जितकी आत्मप्रौढी जास्त, तितकी आतली प्रतिमाही दबदब्याच्या बाबतीत वरची. मायेच्या गटात असा काही संबंध सापडला नाही. याचा साधा अर्थ असा, की ‘मी जबरदस्त आहे’ हे अशा माणसाला खोलवरही वाटत असते. ‘मी प्रेमळ आहे’ याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नसते.

लेडीज डब्यातल्या त्या लेकीला हे वर्णन ऐकवले तर ती ओळख पटल्यासारखी मान हलवील.

यावर नेहमी येणारा प्रश्न असा: मग टीका केली की तो इतका भडकतो का? खात्री असलेला माणूस शांत राहिला नसता का? हा प्रश्न ज्या गृहीतकावर उभा आहे तेच चुकीचे आहे. ब्रॅड बुशमन आणि रॉय बाउमाइस्टर यांनी 1998मध्ये दोन प्रयोगांत 540 विद्यार्थी तपासले. विद्यार्थ्यांनी निबंध लिहायचा, दुसऱ्या कोणी तरी तो वाचून अभिप्राय द्यायचा. काहींना चांगला अभिप्राय मिळाला, काहींना अतिशय अपमानास्पद. पुढे एका खेळात त्याच परीक्षकाला कर्कश आवाजाचा झटका द्यायची संधी मिळाली. सर्वांत जोरात झटके दिले ते अपमान झालेल्या आत्मप्रौढ विद्यार्थ्यांनी. आणि कमी आत्मसन्मान असलेल्यांनी? आत्मसन्मान कमी की जास्त, याचा हल्ल्याशी संबंधच सापडला नाही. ‘स्वतःला कमी लेखणारा माणूस हिंसक होतो’ ही त्या काळी सर्वमान्य असलेली समजूत या प्रयोगात टिकली नाही.

विचार केला तर यात चक्रावण्यासारखे काही नाही. जो स्वतःला क्षुद्र समजतो, त्याला कोणी नमस्कार केला नाही याचे आश्चर्य वाटत नाही. सिंहासनावर आपला हक्क आहे याची पुरेपूर खात्री असलेल्यालाच समोरचा उठून उभा राहिला नाही म्हणून संताप येतो. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या अनुयायांनी ओंजळीत घेतले. त्यानंतर हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि जमावाने परतणाऱ्या सत्याग्रहींवर हल्ला केला. लाठ्या घेऊन धावलेले ते लोक आतून स्वतःला हीन समजत होते, असे कोणी म्हणेल का? आपण वरचे आहोत याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. खालच्याने ओलांडलेली रेघ त्यांना सहन झाली नाही. एका माणसाच्या स्वभावाची आणि जातिव्यवस्थेची सरसकट तुलना करता येणार नाही, हे मान्य. पण राग येण्यासाठी न्यूनगंडच लागतो हे म्हणणे खोडून काढायला महाडचे उदाहरण पुरेसे आहे.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही इथे मांडायला हवा, नाही तर हा प्रतिवाद एकतर्फी ठरेल. 1991मध्ये पॉल विंक यांनी दाखवले की आत्मप्रौढीची दोन रूपे आहेत. एक मिरवणारे, उद्धट. दुसरे हळवे, संशयी, पटकन दुखावले जाणारे, आतल्या आत कुढणारे. दुसऱ्या रूपात असुरक्षितता खरोखरच असते, आणि ती लपलेलीही नसते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत आत्मप्रौढ व्यक्तिमत्त्वाच्या विकाराचे नऊ निकष आहेत, निदानासाठी त्यांतले किमान पाच लागतात, आणि सोबतच्या वर्णनात आत्मसन्मान नाजूक असल्याचाही उल्लेख आहे. 2021मध्ये न्यू यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी जवळजवळ 300 विद्यार्थ्यांवरून असा निष्कर्ष काढला की आत्मप्रौढीमागे असुरक्षितताच असते. पण त्यांनीच पुढे म्हटले की खऱ्या अर्थाने स्वतःला भव्य समजणारे लोक वेगळ्या गटात मोडतात. म्हणजे स्वतःला खरोखर भव्य समजणारी माणसे असतात हे त्यांनाही मान्य आहे, वाद फक्त त्यांना काय नाव द्यायचे एवढाच. नावांचा घोळ तर इतका आहे की जागतिक आरोग्य संघटनेने 2022पासून लागू केलेल्या वर्गीकरणात या विकाराचे स्वतंत्र नावच ठेवलेले नाही. व्यक्तिमत्त्वातला बिघाड किती तीव्र आहे हे तिथे पाहतात.

तेव्हा मुद्दा असा नाही की असुरक्षित आत्मप्रौढ कोणी नसतोच. असतो. मुद्दा असा, की ‘सगळेच आतून घाबरलेले असतात’ हे वाक्य खोटे आहे आणि समोरच्या माणसाला न तपासता ते त्याच्यावर चिकटवणे हा अंदाजपंचे उपचार आहे.

आणि गोरेगावच्या रोजच्या आयुष्यात एक साधी तपासणी कोणालाही करता येते. भीती माणूस बरोबर घेऊन फिरतो. ती घरी सोडून ऑफिसला जाता येत नाही. ज्याला मनातून धाकधूक आहे, तो साहेबासमोरही धडपडतो, दुकानदारासमोरही आणि बायकोसमोरही. माज तसा नसतो, त्याला पत्ता असतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत वॉचमनवर आणि भाडेकरूवर आवाज चढवणारा अध्यक्ष बिल्डरच्या केबिनमध्ये किती मऊ बोलतो, हे कमिटीतल्या माणसांना माहीत असते. बायकोचा पगार हातात घेणारा नवरा मेहुण्यासमोर तो विषय काढत नाही. कोणाला किती खाली दाबता येईल याचा हिशेब इतका अचूक असतो की त्याला घाबरलेल्या मुलाची धांदल म्हणणे म्हणजे दिसते ते नाकारणे. आवाज उतरतो तो जबर माणसासमोर. कोणत्याही जखमेपेक्षा सत्तेचे भान त्यातून जास्त दिसते.

खालच्याला दाबायची ही परवानगी एकट्याच्या मनातून येत नाही, समाजाने दिलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 दरम्यान, देशातल्या सुमारे 45 टक्के स्त्रियांनी आणि 44 टक्के पुरुषांनी सांगितले की विचारलेल्या सात कारणांपैकी निदान एका कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे. न सांगता बाहेर जाणे, स्वयंपाक नीट न करणे, उलट बोलणे, अशी ती कारणे. जवळजवळ निम्मा देश ज्या हक्काला मान डोलावतो, तो हक्क बजावणाऱ्याच्या बालपणात जखम शोधत बसायची गरज काय? त्याला जे शिकवले ते तो मन लावून शिकला आहे.

बालपणाचा विषय निघालाच आहे तर तिथलाही पुरावा पाहावा. नेदरलँड्समधल्या 7 ते 11 वर्षांच्या 565 मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला, तो अभ्यास 2015मध्ये प्रसिद्ध झाला. आईबापांनी माया न दिल्यामुळे मूल आत्मप्रौढ होते, या जुन्या समजुतीला त्यात दुजोरा मिळाला नाही. ज्या मुलांना आईवडिलांनी ‘तू इतरांपेक्षा वेगळा, वरचा, खास’ असे भरवले, त्यांच्यात पुढे आत्मप्रौढी वाढली. ज्यांना नुसती ऊब मिळाली, त्यांच्यात आत्मसन्मान वाढला, आत्मप्रौढी नाही. ‘मी बरा आहे’ आणि ‘मी तुमच्यापेक्षा वरचा आहे’ ही दोन वाक्ये वेगळ्या घरांत तयार होतात. आपल्याकडे तर मुलगा म्हणून जन्मला एवढ्याच कारणाने त्याच्या ताटात पहिली गरम पोळी पडते, बहीण ताट उचलते, आणि ‘आमचा राजा’ हे शब्द कानावर पडत तो मोठा होतो. सरंजामी कौतुकातून वाढलेल्या माणसाला पुढे ‘प्रेमाला पारखे झालेले मूल’ म्हणणे म्हणजे त्याच्या आयुष्याचा खरा इतिहास पुसणे आहे.

म्हणूनच मुखवट्याच्या सिद्धान्तातून निघणारा उपाय सर्वांत घातक. आत पोकळी आहे ना, मग ती भरा. कौतुक करा, दुखवू नका, त्याचा अहं सांभाळा. हा प्रयोग एका अख्ख्या राज्याने करून पाहिला आहे. जॉन व्हास्कन्सेलोस या आमदाराच्या आग्रहावरून कॅलिफोर्नियाने 1986मध्ये आत्मसन्मान वाढवण्यासाठी कृतिदल नेमले. आत्मसन्मान वाढला की गुन्हे, व्यसने, शाळागळती कमी होईल अशी आशा होती. 2003मध्ये बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी या क्षेत्रातल्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला तेव्हा त्या आशेला फारसा आधार सापडला नाही. सरकारचे निदान पैसेच गेले. गोरेगावातल्या त्या लेकीने हा उपाय केला तर तिची वर्षे जातात. रोज एक पायरी खाली उतरून ती त्याची उंची वाढवत राहते, आणि त्याला मात्र ती उंची नैसर्गिकच वाटते.

आत्मविश्वास आणि माज यांतला फरक पाहायला गोरेगावकरांना लांब जावे लागत नाही. मृणाल गोरे वैद्यकीय शिक्षण सोडून समाजवादी चळवळीत आल्या. 1958मध्ये पती केशव ऊर्फ बंडू गोरे गेले, 1961मध्ये त्या गोरेगावातून महापालिकेवर निवडून आल्या, वस्त्यांच्या पाण्यासाठी इतक्या भांडल्या की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. 1972मध्ये अहिल्या रांगणेकर आणि इतरांसह महागाईविरोधात लाटणी घेऊन हजारो बायका रस्त्यावर उतरवल्या, 1977मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेत गेल्या. मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना घेराव घालणारी ही बाई स्वतःला कमी समजत होती असे तिच्या शत्रूनेही म्हटले नसते. आवाज चढा होता, मत ठाम होते. पण तो आवाज वर जात होता, सत्तेच्या दिशेने. ज्यांच्याकडे नळ नव्हता त्यांच्यावर तो कधी चढला नाही. जोरात बोलणे हे पोकळपणाचे लक्षण असते असे सांगणारी ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण त्यांच्यापुढे अपुरी पडते, आणि जोरात बोलणे हेच माजाचे लक्षण असते ही समजूतही.

सहानुभूतीला विरोध नाही. एखादा नवरा खरोखरच आतून खचलेला असेल, तर त्याला समुपदेशकाकडे जाता येते. दार उघडे आहे, त्याच्याच पायांनी त्यातून आत जाता येते. बायकोने त्याचा दवाखाना व्हायचे कारण नाही. आणि तो बायकोला घालून पाडून बोलतो हे थांबण्यासाठी त्याची असुरक्षितता आधी बरी व्हायला हवी, ही अट कोणी घातली? डोके दुखते म्हणून शेजाऱ्याच्या काचा फोडणाऱ्याला आपण आधी थांबवतो, औषध नंतर.

कायदा याच रीतीने चालतो. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा 2005चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 रोजी लागू झाला. त्याच्या कलम 3 मध्ये मारहाणीबरोबरच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो. अपमान, टिंगल, नावे ठेवणे, मूल किंवा मुलगा झाला नाही म्हणून हिणवणे, घरखर्चाचे पैसे अडवणे, हे सगळे त्यात लिहिलेले आहे. संरक्षण अधिकारी जो घटना अहवाल भरतो त्यात तारीख, ठिकाण आणि वेळ लिहायची असते, कोणी केले आणि काय केले ते लिहायचे असते, बाईला कोणता आदेश आणि कोणती मदत हवी ते लिहायचे असते. पुढच्या वेळी चर्चगेट लोकलमध्ये ती लेक बोलू लागली, तर मैत्रिणीला तिथूनच सुरुवात करता येईल: काल काय झाले, किती वाजता, घरात आणखी कोण होते, आणि तुला आता काय हवे आहे.